आबांच्या नावाची बोहनी

५ सप्टें., शुक्र.
सेठची घाई काही संपेना. पितृपक्ष लागायच्या आत नव्या सिस्टिमची बोहनी झालीच पाहिजे. आमच्या केळीच्या पेढीत सॉफ्टवेअर तपासायचं काम माझं, पण मुहूर्त सेठचा. म्हटलं, आधी खोट्या नावानं, बाजूला तपासून घेऊ. सेठ म्हणाला, "पहिलीच एंट्री झूठी? अपशकुन नको मॅडम. खरं नाव घाला, लाभी हाताचं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाभी हात म्हणजे माझे सासरे, आबा. शाहपुरात कोणाचीही बाग लागायची तर पहिलं रोप त्यांच्या हातानं. घातलं त्यांचं नाव. कटाईची ऑर्डर, त्यांची खालची बाग. नारळ, पेढे, टाळ्या. लगेच रद्द केली. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'रद्द'. सुटले.

६ सप्टें., शनि.
विसर्जन. आबा शाहपुरहून आमच्याकडे बुऱ्हानपुरात, शनवाऱ्यातल्या घरी आलेत, सोमवारपर्यंत आहेत. ढोलांनी डोकं उठलं. बोहनीचं सांगितलं तर स्वारी खूश. "माह्या नावानं कॉम्प्युटर सुरू झालं म्हन!"

८ सप्टें., सोम.
सकाळी शाहपुरहून शेजाऱ्याचा फोन: आबा, एवढ्या लवकर बाग का कापली?
गेलो. खालची बाग अख्खी आडवी. बोटाएवढी केळी, कोवळे घड, बांधावर ढीग लावलेला. विश्वासच बसेना. कटाईच्या टोळीचा मुकादम तिथंच उभा होता. "आबा, सेठची ऑर्डर आली मोबाइलवर. माल कोवळा दिसला, पन आमाले बोलून ठेवलंय, सवाल नाही करायचा, कापायचं." फोन पुढे केला. मीच टाकलेली ऑर्डर. कुठंही 'रद्द' नाही.
आबांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्या गावासमोर त्याला चोर म्हणाले. मी गप्प.

९ सप्टें., मंगळ.
ऑफिसात, टोळीच्या जागी माझाच नंबर घालून, पुन्हा करून पाहिलं. ऑर्डर टाकली की टोळीच्या फोनवर निरोप जातो. रद्द केली की फक्त आमच्या स्क्रीनवर रद्द. टोळीला कळवायची सोयच नाही! बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही, आणि मी तरी काय, लाल अक्षरं बघून पेढा खाल्ला.

१२ सप्टें., शुक्र.
सेठला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं, चहा मागवला. "घर की बात है. टोळीची गलती लिहा, मुकादम बदलून टाकू." घटस्थापनेला सिस्टिम सगळ्या गावांत सुरू करायचीय. त्याआधी तपासणीच्या अहवालावर 'पास' आणि खाली माझी सही. निरोपाची दुरुस्ती 'बाद में'. वर म्हणतो, "परत ट्राय करायचं तर आबांचंच नाव घाला. तिथं आता कापायला काही राहिलंच नाही ना." आणि हसला. खरंच हसला.

१७ सप्टें., बुध.
सेठनं त्या टोळीचं काम बंद केलं. शाहपुरचं गेलंच, चांदनी गावाकडचं पण गेलं. चोर म्हटलेल्याला बागेत कोण शिरू देणार? यांना म्हटलं, मी आबांना सांगते. हे म्हणाले, "आत्ता नको, नोकरी जाईल." बरोबर आहे त्यांचं. नाही, बरोबर नाहीये. ते मुकादमाचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही.

२१ सप्टें., रवि.
सर्वपित्री. सगळे शाहपुरला. पानं उठल्यावर ओसरीवर जाऊन आबांना सांगून टाकलं. ऑर्डर मी टाकली, रद्द पण मीच केली, टोळीपर्यंत पोचलं का ते बघितलं नाही. मुकादमाची काहीच चूक नाही, आबा.
वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"मंग मी त्याले चोर म्हटलं, ते?"
एवढंच. बागेबद्दल चकार शब्द नाही. टोपी घातली, चपला घातल्या, निघाले. कुठं चाललात विचारलं तर मागे वळून पाहिलं नाही. मुकादमाच्या दारी गेले, का बुऱ्हानपुरला सेठकडे, काही कळेना. त्यांचा फोन खुर्चीवरच राहिलाय.
हे म्हणतात, अहवालावर सही कर, उद्या घटस्थापना आहे. कागद पुढ्यात आहे. आत देवापाशी दिवा लागला. आबा अजून आलेले नाहीत.