पहिलीच्या वर्गातला बैल

सोमवार, संध्याकाळ

आज शाळा समितीची बैठक. अध्यक्ष मी, सातवी नापास. शाल-नारळ नकोच म्हटलं. मास्तर लोक तासभर गुणवत्ता, गुणवत्ता करत बसले. शेवटी मीच बोललो, "पहिलीची पोरं घरी अहिराणी बोलतात, इथं पुस्तकी मराठी. तोंड उघडतील कशी?"

मुख्याध्यापक बाईंनी सरळ खडूच हातात दिला. "आबा, चला वर्गात!"

गेलो. फळ्यावर बैल काढला. "हाई काय शे?"

जूनपासून वर्गात गप्प बसणारी माझी नात ओरडली, "आबा, हाई ते बकरी शे!"

बठ्ठा वर्ग हसला, अगदी सगळा. मग पोरं बोलायची थांबेचनात. एवढं सोपं होतं?

खडू खिशातच राहिला. उद्या परत जातो. बैल मात्र नीट काढणार नाही.