वाढत्या मापाचे कपडे

बाबा, परवा मी तुमच्या नातीच्या क्लासच्या सरांशी फोनवर चक्क खोटं बोलले. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर आठ वर्षांनी ती झाली. आता सातवीत आहे, इथे अकोल्यात. शनिवार-रविवार ज्या क्लासला जाते, तिथे सातवीच्या पोरांकडून बारावीनंतरच्या परीक्षेची तयारी करून घेतात. हसू नका. बाजारात तुरी म्हणतात तशी गत आहे खरी, पण सगळे घालतात म्हणून मीही घातलं. आणि मी तरी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? मी नववीला गणित शिकवते, आणि दिवाळीच्या सुट्या संपल्या की नववीचा पोर्शन गुंडाळून दहावीचं पहिलं प्रकरण फळ्यावर घेते. ‘पुढच्या वर्षी सोपं जाईल’ हे वाक्य माझ्या तोंडून दिवसातून चार वेळा तरी निघतं. ही सवय मला तुमच्या दुकानात लागली.

जून महिना, दर्यापूरचं तुमचं ते शिलाईचं दुकान, दारात आया पोरांना धरून उभ्या. प्रत्येकीचं एकच म्हणणं, “भाऊ, वाढत्या मापाचा शिवजा, दोन वर्सं निघाले पायजेत.” तुम्ही टेप लावता, आकडा सांगता आणि वहीत त्याहून दोन इंच जास्त लिहिता. खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवता. माझा गणवेशही तसाच. चौथीत मी पाचवीच्या मापाचा घालते, सहावीत सातवीच्या. बाह्या कोपराच्या खाली लोंबतात. तो अंगाला बरोबर बसायचा तेव्हा खांद्यावर विरलेला असायचा आणि निळा रंग पार उडालेला. पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट शहाणपणाच वाटायचा. शाळेतही तेच चाललेलं. चौथीत स्कॉलरशिप, सातवीपासून दहावी, दहावीत ‘एवढं एक वर्ष कर, मग सुटलीस.’

फक्त एकदा तुम्ही नियम मोडलात. मी सातवीत असताना गॅदरिंगच्या नाचासाठी तुम्ही माझं पिवळ्या साटिनचं घागरा-पोलकं शिवलं. मी ते अंगात घालण्याआधी उलटं केलं आणि शिवण तपासली. शिंप्याची पोरगी ना मी. आत दुमडलेलं कापड नव्हतंच. “बाबा, हे तं पुढच्या वर्षी होनारच नाई. कापड वाया घालवलं तुमी.” तुम्ही मशीनवरचा पाय थांबवलात. “नाईच होनार. पुढच्या सालचं पुढच्या साली पाहू. नाच आज हाय ना? मंग आजचं माप घेतलं मी.” मी गाल फुगवून उभीच. तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, “कवा झाली वं तू एवढी मोठी?” आवाज चढवला नाहीत, तरी तुमच्या सगळ्या रागावण्यांत मला तेवढंच लागलं. त्या संध्याकाळी दुकान बंद ठेवून तुम्ही अगदी पुढे, सतरंजीवर पोरांच्यात बसला होतात. लग्नाच्या सीझनमध्ये दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी अमरावतीला बी.एड. करत होते. नोकरी लागली की बाबांसाठी काय काय करायचं, याची मी वहीत यादी केली होती. तुमचा चष्मा, मशीनला मोटर, तुम्हाला घेऊन एकदा चिखलदरा. त्यातलं काहीच लगेच करता आलं नसतं असं नाही, बाबा. चिखलदऱ्याची बस तर माझ्या होस्टेलसमोरूनच जायची. तुमची फार आठवण येते, आणि आली की आधी ती बस आठवते.

तर परवाचं. पोरीचं गॅदरिंग आणि क्लासची टेस्ट एकाच संध्याकाळी आली. मी म्हटलं, “नाच पुढच्या वर्षी कर.” ती शांतपणे म्हणाली, “पुढच्या वर्षी आठवी ना, आई. तेव्हा तर तू अजिबातच हो म्हणणार नाहीस.” रडली नाही, हट्ट केला नाही. वेळापत्रक वाचून दाखवावं तसं बोलली. मी फोन उचलला आणि सरांना सांगितलं, तिला ताप आहे. सर म्हणाले, “मॅडम, आत्ता सोडलेली टेस्ट दहावीत जाणवते.” मी हो म्हटलं आणि तिची वेणी घालायला बसले.

मी तिसऱ्या रांगेत होते. ती डावीकडून दुसरी, ओठ घट्ट मिटून ताल मोजत नाचत होती. पहिलं कडवं मी नुसती पाहत होते, डोळे भरून आले होते. दुसऱ्या कडव्याला मनात आलं, आज अपूर्णांकांची टेस्ट बुडाली, रविवारी भरून काढता येईल का. मग सकाळी किती वाजता उठवायचं, तेही ठरवून झालं. भानावर आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि ती स्टेजवरून मला शोधत होती. घरी येताना स्कूटीवर मागून तिने विचारलं, “आई, शेवटची गिरकी पाहिलीस ना? ती मी एकटीनेच घेतली.”

पाहिली, असं म्हटलं मी. नव्हती पाहिली, बाबा. तिला हे सांगवत नाही, आणि तुम्हाला लिहिलेलं कुठेच पोचत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.