उंदरांना पाजलेला काढा

प्रिय लुब्वामा,

तुझं पत्र पोचलं. दहा वर्षांनी आठवण झाली, तीही कामापुरती! आमच्या गावातल्या आयांनी तुझ्या कागदांवर अंगठे द्यावेत, जुलाब लागलेल्या पोरांना तुझा काढा पाजू द्यावा, म्हणून मी शब्द टाकावा म्हणे. बरं बाबा, टाकते.

सोबतचा अहवाल वाचला. उंदरांना एरंडेल पाजून जुलाब लावलेस आणि मुलुलूझाच्या कडू पानांनी थांबवलेस. वा रे पठ्ठ्या! पानं सावलीत वाळवायची, मातीच्याच भांड्यात उकळायची, सगळं माझ्या आईचं. तिचं नाव मात्र चाळीस पानांत कुठे नाही. 'गावठी वापरातली वनस्पती', बस्स. आमच्या अंगणात शिजवलेल्या केळ्यांचे मातोके हादडताना तिला आई म्हणायचास, ते विसरलास वाटतं.

मी नाही विसरले. तुझ्या सख्ख्या बहिणीची, नान्टेझाची, पोर जुलाबांनी मलूल पडली होती. आईने वाळक्या भोपळ्यात काढा भरून तुझ्या हातात दिला. औषध नेणाऱ्याने वाटेत कुणाच्या नमस्काराला उत्तर द्यायचं नाही, ही आपली रीत. एरवी आपल्यात याहून मोठा उद्धटपणा नाही. शाळेपाशी तुझे मित्र भेटले. तू गप्प, हातात भोपळा. त्यांनी बरोबर ओळखलं. "काय रे, चेटकिणीचा जावई झालास वाटतं!" तुला लाज वाटली. काढा गवतात ओतलास आणि तळाच्या चोथ्यावर नळाचं पाणी भरून घरी दिलंस.

दुसऱ्या दिवशी पोर गेली. "हिच्या काढ्यानेच मेली गं माझी लेक!" म्हणत नान्टेझा छाती बडवत आमच्या दारात आली. लोकांनी घर पेटवलं, आईला हाकललं. परक्या गावात ती 'माझ्या हातून काय चुकलं' एवढंच विचारत वारली. तिला माती देऊन आलो त्या दिवशी तू माझ्या पायाशी बसून हे सगळं कबूल केलंस. आपलं लग्न ठरलेलं. मी मूर्ख, तोंड शिवून बसले. मग तू शिकायला गेलास तो गेलासच. माझ्या गप्प बसण्याची मला आजही शरम वाटते.

तर शब्द टाकलाय हं. काल नान्टेझाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. आयांच्या मंडळाची प्रमुख आता तीच. पहिला अंगठा तिचा लागतो. काढा गुणाचा आहे, पोरं वाचतील, पण माझ्या आईच्या नावाने वाचू देत. शुक्रवारी आंब्याखाली सगळ्या जमतील. तू कागद पुढे केलेस की नान्टेझा एवढंच विचारेल, माझ्या लेकीला तू काय पाजलंस? हे आधी कळवतेय ते दया म्हणून नाही. कंपालापासूनच्या वाटेचे चारही तास तू हाच प्रश्न उराशी धरून यावंस, म्हणून. आला नाहीस, तर ती तुझ्या प्रयोगशाळेत येऊन विचारेल.

एके काळी तुझीच,
नाल्वोगा