फाटकापासून चारशे पावलं

३ मार्च, सोमवार

दुपारच्या गाडीने आले. चार डब्यांची गाडी. शेवटच्या डब्यात मी, एक सायकल आणि सायकलवाला, एवढेच. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला समुद्र. नऊ स्टेशनं कधी संपली कळलंही नाही.

खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली मशीन चालू झालं की टेबलावरचा पेला हलतो. खिडकीतून फलाटाचं टोक दिसतं. घरमालकीण निवृत्त नर्स. मी जिना चढत असतानाच तिने ओळखलं की माझं आयुष्य खुर्चीत गेलंय, आणि दुसऱ्या मिनिटाला पातळ उशी आणून दिली.

अठरा वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. आता चालण्याचा पगार मिळणार! 'स्टेशनातून पायी' या पुस्तिकेत वीस वाटा आहेत. प्रत्येक वाट फलाटावर सुरू होते आणि फलाटावर संपते. त्या चालून पाहायच्या, मजकूर तपासायचा. धाकटीने फोनवर चिडवलं की, ताई, तुला घरातल्या घरात चष्मा सापडत नाही, तू जगाला वाटा दाखवणार का?

५ मार्च, बुधवार

कचेरीत माणसं तीन. मालक, नकाशे काढणाऱ्या बाई आणि मी. इथे अंतर पावलांत देतात. मालक म्हणतात, मीटर कोणाच्या पायाला कळत नाहीत. जमिनीत पितळेचे दोन खिळे ठोकलेत, त्यांच्यामधलं अंतर म्हणजे पुस्तिकेचं एक पाऊल. नव्या तपासनिसाने तासभर त्या मापाने येरझाऱ्या घालायच्या. मी घातल्या. नकाशेबाई म्हणाल्या, छान, आता बाजारातसुद्धा अशाच चालाल.

८ मार्च, शनिवार

तिसरी वाट चालले. कालव्याच्या काठाने, पवनचक्कीला वळसा घालून पुढच्या स्टेशनात. पुस्तिकेत 'निळं दार' आहे, प्रत्यक्षात ते हिरवं झालंय. पूल डाव्या हाताला लिहिलाय, तो उजव्या हाताला आहे. अशा सहा चुका सापडल्या. परतीच्या गाडीत बूट काढून बसले. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

छपाई आठ दिवस अलीकडे आली. अजून बऱ्याच वाटा राहिल्यात. मालक म्हणाले, आज सह्या करून टाका, चाला सावकाश. इथे सगळ्यांनी असंच केलंय. मीही केल्या. छापखाना दारात उभा असताना हात आखडता घ्यायची मला सवयच नाही.

संध्याकाळी पहिली प्रत हातात आली. प्रत्येक वाटेखाली 'तपासली' आणि पुढे माझी सही. एक प्रत धाकटीला धाडली.

१४ मार्च, शुक्रवार

रागाने लिहितेय, पेनाने कागद दोनदा फाटला.

चौदावी वाट. आठव्या स्टेशनात उतरायचं, खाजणाच्या बांधावरून पांढऱ्या फाटकापर्यंत जायचं. पुढे मजकूर असा: 'फाटकापासून सरळ चारशे पावलं चाला. तिथे बाकावर बसून समुद्र पाहा.' मी मोजत गेले. तीनशे बासष्टला जमीन संपली. कठडा नाही, पाटी नाही. कड्याची ताजी माती, तिच्यातून लोंबणारी गवताची मुळं, आणि खाली खूप खोल पाणी. समुद्रावरून धुकं चढत होतं. आणखी दोन पावलं टाकली असती तर ही वही कोणीतरी दुसऱ्याने वाचली असती.

बाक केव्हाच खाली गेला असणार. वाक्य मात्र जागच्या जागी. त्याखाली माझी सही.

तिथेच उभी राहून मालकांना मोठ्याने शिव्या घातल्या. थांबले, तेव्हा समोर पावलं वाजत होती. खडीवर वाजतात तशी. समोर, जिथे काहीच नव्हतं तिथे. मोजायची सवय जात नाही. अडतीस झाली. मग कोणीतरी बसल्यावर लाकूड करकरतं तसा आवाज.

१७ मार्च, सोमवार

मालकांना सांगितलं. प्रती नऊही स्टेशनांवरच्या दुकानांत गेल्या, असं म्हणाले. चूक झाली अशी चिठ्ठी तरी आत घाला म्हटलं. तर म्हणे, लोकांना डोळे असतात बाई, तुम्ही वर्तमानपत्रातून आलात म्हणून तुम्हाला सगळीकडे अपघाताची बातमीच दिसते. धुक्यात डोळे काय कामाचे, ते विचारलं. त्यांनी चहा मागवला!

स्टेशनमास्तर म्हणाले, फलाटापलीकडचं मी काय सांगणार. म्हणजे माणूस फलाटावरून पडला तर यांचा, कड्यावरून पडला तर कोणाचाच नाही.

जिन्यात नकाशेबाईंनी हळूच सांगितलं. माझ्या आधीच्या तपासनिसांनीही आधी सही केली होती, नंतर चालायला गेले. त्यांची पिशवी तेवढी फाटकाला अडकवलेली सापडली. त्यांच्या आधी एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचंही तेच झालं. मी विचारलं, तुम्ही गप्प कशा राहिलात? त्या म्हणाल्या, मी फक्त रेघा काढते. त्यांचाही संताप आला. जास्त आला.

१९ मार्च, बुधवार

दोन दिवस स्टेशन ते स्टेशन फिरून प्रत्येक प्रतीत हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली. आठव्या स्टेशनचा दुकानदार म्हणाला, ही वाट पोरांना फार आवडते, तुम्ही कशाला मोडता घालता? त्याच्यासमोरच ते पान टराटरा फाडलं.

पुन्हा फाटकाशी गेले. आज तीनशे एक्कावन्नलाच कडा. समोरची पावलं एकोणपन्नास. बेरीज चारशेच. आणि आज ती एकाची नव्हती. एक जण लंगडत होता. एक बाई असावी, टाचा आपटत चालणारी.

२० मार्च, गुरुवार

चिठ्ठ्या गेल्या. सगळ्या. फाडलेलं पानसुद्धा जागेवर आहे, शिवणीला धक्का नाही. सही तेवढी ओली. बोटाला शाई लागली.

घरी येऊन धाकटीला फोन केला. ती हसत म्हणाली की रविवारी येतोच आहोत ना, कालच तर तू बोलावलंस. चौदावी वाट करा म्हणालीस, बाकावर बसून वाट पाहते म्हणालीस. भिंगरी तर आतापासून घरभर पावलं मोजत फिरतेय.

भिंगरी माझी भाची. सात वर्षांची.

मी काल फोन केलेला नाही.

येऊ नका म्हटलं. ती दुखावली. बोलावतेस काय, नको म्हणतेस काय, पोरीला आता काय सांगू? मी ओरडले. तिच्यावर मी आजवर कधी ओरडले नव्हते. शेवटी येणार नाही म्हणाली.

२१ मार्च, शुक्रवार

मालकांना म्हटलं, माझ्याबरोबर चला. नाही म्हणाले. मी त्यांचा कोट खुंटीवरून काढून त्यांच्या अंगावर फेकला. नकाशेबाई मान खाली घालून रेघा काढत राहिल्या.

आठव्या स्टेशनात उतरून बांधावरून त्यांना पुढे घातलं. त्यांनी फाटकाला हात लावला आणि ते थिजले. पलीकडून आवाज येतच होता. त्यांना तो नवा नव्हता! त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

म्हणाले, आकडा मी बदलू शकतो. पण पलीकडे गेलेले चारशेच्या भरवशावर चालतात बाई. कमी केला तर त्यांनी पुढचे पाय कुठे ठेवायचे? ते माघारी फिरतील, आणि फिरून माझ्याकडेच येतील.

म्हणजे स्वतःच्या दारात कोणी येऊ नये म्हणून हा माणूस दर वर्षी कोणाला तरी पुढे पाठवतो. आम्ही सह्या करून देतो, आणि हा तिकडे निवांत झोपतो. मी त्यांच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मारलं.

२२ मार्च, शनिवार

फाटक दोरीने करकचून बांधलं. खडूने पाटी लिहिली. मागे वळून पाहते तो पाटी कोरी. पुन्हा लिहिली. पुन्हा कोरी. चार वेळा.

धाकटीचा फोन लागत नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी सात. घरमालकीण वर आली. म्हणाली, बहिणीचा फोन येऊन गेला, तुमच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या गाडीने निघाल्यात. माझ्या सांगण्याप्रमाणे!

आठ पाच. फाटकाशी आहे. दोरी शाबूत. धुकं इतकं की बांधही दिसत नाही. इथून हलणार नाही. गाडी आठ वीसला. याच वाटेने येतील, मी इथेच धरीन.

आठ वीस. गाडी आली. ऐकू आली.

आठ तीस — भिंगरीचा आवाज. मोजतेय. दोनशे नव्वद, दोनशे एक्क्याण्णव — पण स्टेशनाकडून नाही. पलीकडून. कड्याच्या बाजूने. माझ्या आधी कशी गेली? दोरी तर —

फाटकावरून उडी मारली. लिहीत चालतेय, तपासनिसासारखी, म्हणजे पावलं चुकणार नाहीत. दोनशे. तीनशे. तीनशे चाळीस. कडा. कोणी नाही. मोजणारा आवाज खाली गेला आणि हसला. पोरीचं हसू नव्हे ते.

फसवलं. मला जागेवरून हलवलं, एवढंच —

आता मागून, फाटकाकडून, धाकटीची खरी हाक. ताई, दोरी कशाला बांधलीस ग, म्हणतेय. सोडू नकोस! ओरडतेय मी, सोडू नकोस — माझा आवाज माझ्याच कानात येत नाही —

भिंगरी. एक. दोन. तीन.

परत पळाले. चारशे पावलं पळाले. फाटक आलं नाही. अजून शंभर. नाही. पायाखाली खडी आहे, वाजतेय. इथे खडी नव्हती.

एकशे साठ म्हणाली. अगदी जवळ. लाल टोपी दिसली. माझ्याकडे पाहिलं, माझ्यातून पलीकडे पाहिलं. मावशी कुठेय, विचारतेय आईला.

इथे, बाळा. इथेच ग.

मरा मेल्यांनो. लंगडत येऊ नका मागे. ही नाही मिळणार. सही माझी आहे, हिची नाही. मला घ्या, पण हिला हात —

दोनशे नव्वद.

तिच्या पुढे आलेय. कडा माझ्या पाठीशी. टोपी पकडली, बोटांना लोकर लागली, लागली! पण एका हाताने धरवत नाही. दोन्ही हात लागतील. वही टाक —