बिनगव्हाचा पिझ्झा

२ मे २००७. सकाळी.
पियुषचा नागपूरहून फोन. हर्षाला बारा तारखेला आणून सोडतो म्हणाला. नात सुट्टीभर आपल्याकडे. अट एकच, पोट बिघडता कामा नये. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचा गहू कायमचा बंद केला आहे. पोळी नाही, रवा नाही, बिस्कीट नाही. कण जरी पोटात गेला तरी आतडे रुसते. आणि पोरीचा आजा कोण, तर पवनारचा चक्कीवाला.
सपनाचे, म्हणजे सूनबाईचे, म्हणणे असे की यंदा ट्रायल. पोर आजारी पडली तर पुन्हा मुक्कामाला पाठवणार नाही. मी म्हटले, पाठव बिनधास्त. गव्हाला माझ्याइतके कोण ओळखते?
अठराला हर्षाचा वाढदिवस. फोनवर मला हळूच विचारते, आबाजी, तिकडं माझ्यासाठी पिझ्झा मिळते का. शाळेतल्या पोरी खातात, ही बघत बसते. मी म्हटले, मिळते ना. नंतर आमची बायको शोभाबाई म्हणाली, कुठं मिळते सांगा बरं. मी म्हटले, वर्धा काय लहान गाव आहे?
संकल्प: घरात गहू बंद. वर्ध्यात बिनगव्हाचा पिझ्झा शोधणे. चिडणे बंद.
शोभाबाई म्हणे, घरातला बंद करान, चक्कीतल्याचं काय? मी म्हटले, चक्की घरात नाही, घराला लागून आहे. मध्ये भिंत आहे. ती म्हणे, भिंतीले दार बी हाय. मी विषय बदलला. चिडलो नाही.

५ मे.
वर्ध्यात फिरलो. ऊन असे की टोपीखाली डोके शिजले.
एसी हॉटेलातला वेटर म्हणे, काकाजी, पिज्जा में गेहूं रहताच नहीं, मैदा रहता है. मला हसू आले. मैदा काय बोरासारखा झाडाला लागतो? गव्हाच्या पोटातून मैदा कसा निघतो ते त्याला पहिल्यापासून समजावून सांगितले. मॅनेजरही ऐकायला आला. ऐकून म्हणाला, ऑर्डर काय देऊ?
दुसरीकडे बेस नागपूरहून तयार येतो. त्यात काय असते ते मालकालाही ठाऊक नाही. आणखी एका ठिकाणी गल्ल्यावरची बाई कनवाळू निघाली. म्हणे, लेकराले वरचं वरचं खाऊ द्या, खालचं सोडून देईन.
ही माणसे हॉटेल चालवतात.

७ मे.
सापडले. आर्वी नाक्याजवळ हेमराजचे फॅमिली रेस्टॉरंट. माणूस ओळखीचा. म्हणाला, बंडूजी, ज्वारीचा बेस करून पाहू, उकडलेला बटाटा घालून मळू. मी अटी घातल्या. तवा नवा. पोळपाट नवा. त्या दिवशी त्या ओट्यावर मैद्याचा डबाही उघडायचा नाही. हेमराज म्हणे, तुमी तर आमच्या आजीच्या वर सोवळं करून राह्यले.
पिठाचे पाकीट नागपूरहून मागवतो म्हणाला. मी हात जोडले. पाकिटातल्या पिठात काय काय असते देव जाणे. म्हटले, पीठ माझ्या चक्कीचे. ही गॅरंटी माझी.

९ मे.
ट्रायल. पहिला पिझ्झा उचलताच भेगाळला. दुसरा तव्याला धरून बसला. तिसरा फर्स्ट क्लास. तिन्ही मीच खाल्ले. रात्री छातीत जळजळ, पण ती चीजची असावी.

१२ मे.
हर्षा आली. वाळली आहे. धावत येऊन गळ्यात पडली, गालाला गाल लावून किती वेळ सोडेना. चक्कीतून तसाच उठून आलो होतो.
सपना घर बघत फिरली. मग म्हणाली, मामाजी, चक्की बंद ठेवता येईल का? मी म्हटले, आत्ता शेवयांचा सीझन, गावाचे डबे रांगेत आहेत, पण तू काळजी करू नको. पोर आतल्या खोलीत असेल तेव्हाच चक्की चालू, आणि मधले दार बंद. शिवाय आतल्या खोलीला कूलर बसवला आहे. खिडकी चक्कीच्या पडवीकडची घेतली, सावली तिकडेच असते. वाळाही नवा. अशी हवा नागपुरात नाही.
सपना काही बोलली नाही. मी हे होकार म्हणून धरले.

१४ मे. दुपार.
हर्षाच्या पोटात दुखते. शोभाबाई माझ्याकडे बघते. मी म्हटले, आंबे. आंबे बंद.
वेळापत्रक पाळता येत नाही. लाइन कधी जाते, कधी येते. आली की बाया डबे घेऊन धावत येतात. पोर झोपली की जागी, कोण बघणार? दार मात्र लावतोच.

१५ मे.
आंबे बंद, तरी दुखते. उन्हाचे असेल. जास्तीत जास्त वेळ कूलरपुढे ठेवावे.

१६ मे.
पियुषचा फोन. मी म्हटले, ठणठणीत आहे. मग हर्षाने फोन घेतला आणि म्हणाली, मी मस्त आहे, पप्पा. बोलताना माझ्याकडे बघत होती. फोन ठेवून म्हणे, आबाजी, दुखतं म्हणून सांगतलं तर नेऊन टाकतील, मग पिझ्झा राहून जाईन.
 संध्याकाळी शोभाबाई एवढेच म्हणाली, लेकराले खोटं बोलाले लावलं तुमी.
मी लावले नाही. ती आपणहून बोलली.

१७ मे.
पिझ्झ्याची ज्वारी दळली. देवकाबाईचा शेवयांचा गहू नुकताच झाला होता. ती बाई स्वतःच्या गव्हाबाबत फार कडक, म्हणे, माहा गहू गव्हावरच टाकजा, ज्वारीवर टाकसान तर शेवया तुटतात. मी कधी चुकत नाही. तसेच ज्वारीचेही. आधी दोन मुठी ज्वारी टाकून दगड साफ केला, ते पीठ गाईला, मग हर्षाची ज्वारी. एवढी काळजी कुठे कोण घेतो?
पीठ पांढरेशुभ्र निघाले. जरा जास्तच पांढरे. दगडाला नुकतीच टाकी लावून धार काढली आहे, त्याचा गुण.

१८ मे. रात्री आठ.
झाले. पियुष आणि सपना परस्पर हेमराजकडे आले. हर्षाने नवा फ्रॉक घातला. सपनाने हेमराजला तवा विचारला, पोळपाट विचारला, चीजचे पाकीट मागून वाचले. पीठ कुठले, असे विचारले तेव्हा मीच उत्तर दिले, घरचे. सपना थांबली. पियुषकडे बघितले. पियुषने माझ्याकडे. मग हर्षाकडे. ती पिझ्झ्याच्या कडेला बोट लावून बसली होती, कोणी हो म्हणते का म्हणून.
सपना म्हणाली, खा.
पोरीने तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. बाजूच्या टेबलावरची माणसेही बघत होती. तुकडाही उरला नाही. मला वाटले, ट्रायल पास.
पियुष-सपना आज पवनारलाच मुक्कामी.

१९ मे. सकाळी.
पहाटेपासून उलट्या. पोर पिळून निघाली. वर्ध्यात दवाखान्यात नेले, सलाइन लावले.
हेमराजने काहीतरी केले. मैद्याच्या हाताने चीज किसले असणार. तडक गेलो. चार गिऱ्हाइकांपुढे त्याला बोललो. चिडायचे नाही हा संकल्प मोडला, पण प्रसंगच तसा. तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणे, बंडूजी, तवा नवा, पोळपाट नवा, चीज तुमच्या सुनेनं वाचलं. माह्या घरचं त्यात एकच नव्हतं, पीठ. पोरगी कशी हाय ते सांगा आधी.
मी निघालो.

१९ मे. संध्याकाळी.
हर्षाला बरे आहे. सपना कपडे भरायला घरी आली. आतल्या खोलीत कूलर चालूच होता. तिने बंद केला आणि जाळीवरून एक बोट फिरवले. बोट पांढरे. माझ्याकडे वळली नाही, पियुषला दाखवले. पियुषने मान खाली घातली. मग तिने हर्षाच्या उशीचा अभ्रा खिडकीबाहेर झटकला.
 भांडली असती तर बरे झाले असते, मी काहीतरी म्हटले असते.
जाताना हर्षा माझ्याकडे धावत निघाली. सपनाने तिचा हात धरला. हळूच धरला, पण धरला.

२३ मे.
चक्की उघडली. वरचा दगड काढला. झाकणाच्या आत गव्हाचे पीठ बोटभर बसलेले, वर ज्वारीचा पातळ थर. कापडी नळी उलटी केली तर पोळीपुरती कणीक निघाली. दोन मुठींनी काय साफ होणार होते?
शोभाबाई दारात येऊन बघून गेली. थोड्या वेळाने चहा आणून दिला. 
आरशात पाहिले. भुवया, कान, मिशी, सगळीकडे गहू.
हेमराजकडे जाऊन आलो. म्हटले, चुकलो. तो म्हणे, सोडा ना बंडूजी, बसा.

१७ जून. रविवार. संध्याकाळी.
सपनाचा फोन आला होता. मामाजी, मुक्काम नको, पण रविवारी वर्ध्याला आणतो, हेमराजभाऊंकडे भेटू. आवाजात राग नव्हता. मग म्हणाली, तुम्ही अंघोळ करून याल ना?
नदीवर केली, मग घरी केली. शोभाबाईने पेटीतले कपडे काढून दिले. चक्कीकडे न बघता मागच्या दाराने निघालो. बसमध्ये एका बाईच्या पिशवीत दळण होते, दूर उभा राहून गेलो.
हर्षाचे गाल भरले आहेत. टेबलापलीकडे बसली. मग आईकडे बघितले. आई हो म्हणाली, तशी येऊन मांडीवर बसली. मी हात तिच्या पाठीवर ठेवले, आधी धोतराला पुसून.
हेमराजने नागपूरहून पिठाचे पाकीट आणले होते. तिने पूर्ण पिझ्झा खाल्ला. आत्ता पियुषचा फोन येऊन गेला, पोर खेळते आहे. पुढच्या रविवारीही येणार आहेत.
हेमराजने पाटी रंगवायला घेतली आहे, येथे बिनगव्हाचा पिझ्झा मिळेल. अशी आणखी लेकरे असतील म्हणतो. पेंटर शिडीवर होता. मी त्याला म्हटले, खाली आणखी एक ओळ घाल, जरा ठळक: पवनारच्या बंडूजींच्या चक्कीचे पीठ येथे वापरत नाही.
पेंटरने खाली वाकून विचारले, काऊन, लयच खराब माणूस हाय का तो?
म्हटले, माणूस बरा आहे. तू लिही.