‘काय गं?’ला वाक्य म्हणावं का?

परमपूज्य (हो, आजपासून पूज्यच) वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? दादाचा रक्तदाब काय म्हणतो? इकडचं क्षेम लिहून तिकडचं विचारायची रीत आहे, पण इकडे नुसतं क्षेम नाही, विजय आहे, तेव्हा कंबरेच्या चौकशीत फार वेळ काढवत नाही. राग मानू नका. (शेक मात्र घेत जा.) पत्र दादाला अर्ध्यापर्यंतच वाचून दाखवा. ‘त्याला कुठेतरी चिकटवून टाका’ हे तो माझ्याबद्दल अशा सुरात म्हणतो, की मी माणूस आहे की पोस्टाचं तिकीट अशी मलाच शंका येते.

तुमचे बाबा काय म्हणाले होते ते तुम्ही विसरला नसालच, चहाचा ट्रे तुमच्याच हातात होता. इथे नोकरी करणाऱ्या तुमच्या धाकट्या बहिणीला मी मागणी घातली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अख्खी हयात शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाच्या शांतपणाने म्हणाले, “सिनेमात ज्याला एक वाक्य बोलू देत नाहीत, त्याच्या शब्दावर मी मुलगी कशी देऊ?” लागलं मला ते. फार लागलं, कारण खरं होतं. तोवर मी वेटर झालो होतो, बाकावर पेपर वाचणारा झालो होतो, एकदा तर प्रेतही झालो होतो (त्याचं कौतुक झालं, इतका वेळ श्वास कोण धरतो?), पण कॅमेऱ्यापुढे तोंड उघडलं ते फक्त जांभईला. त्यात बाबांनी तिच्यासाठी दातांचे डॉक्टर शोधून काढले. स्वतःचा दवाखाना, वरखाली होणारी खुर्ची, आणि समोरच्याला बोलताच येऊ नये असा धंदा! येत्या रविवारी ते आईवडिलांना घेऊन बाबांकडे जेवायला येणार म्हणे. म्हणूनच हे पत्र घाईने लिहितोय.

तर आमचा सिनेमा. एक मुलगी, तिच्या मागे दोघं, आणि शेवटी ती कोणाचं नाव घेते यावर सगळा डोलारा. आता गंमत अशी, की दोघांपैकी एक हिरो निर्मात्याचा मेहुणा आणि दुसरा पैसे घालणाऱ्याचा जावई. मेहुण्यांचे केस त्यांचे स्वतःचे नव्हेत आणि जावई घरातही गॉगल काढत नाहीत, एवढ्यावरून तुम्हाला दोघं ओळखू येतील. मुलगी आपल्यालाच मिळाली पाहिजे असा दोघांचा हट्ट. दिग्दर्शक बिचारा इकडे आड तिकडे विहीर अशा अवस्थेत. शेवटी त्याने दोन्ही शेवट चित्रित करायचे ठरवलं. मग आधी कोणाचा, यावर भांडण!

मी होतो प्लंबर. काम एवढंच, की दिवाणखान्यात दोघं हिरो गुच्छ घेऊन भांडत असताना आपण स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून पिशवी उचलायची आणि त्यांच्या मागून दाराबाहेर निघून जायचं. मी निघालो. तेवढ्यात जावयांच्या गुच्छातली तार मेहुण्यांच्या केसांत अडकली आणि खोटं भांडण खरं झालं. कॅमेरा चालूच. हिरॉइनला नाव घ्यायचं होतं, पण कोणाचं घ्यावं? तेवढ्यात तिला दिसलं, की जाता जाता पिशवी आवरताना मी पाना टीपॉयवर विसरलोय. प्लंबरला नाव दिलेलं नव्हतं (देतंय कोण?), म्हणून तिने सरळ हाक मारली, “अहो!”

वहिनी, दोघंही थांबले. मेहुण्यांनी केस सरळ केले, जावयांनी चक्क गॉगल काढला. आणि दारातून, माझी मलाच कल्पना नसताना, माझा आवाज आला, “काय गं?”

एवढ्या मोठ्या नटीला ‘गं’! मला वाटलं, आता पिशवीसकट बाहेर काढतात. पण शिडीवरचा लाइटवाला हसला, मग मेकअपवाल्या बाई, आणि मग हसता हसता दिग्दर्शक खालीच बसला. “हाच शेवट!” म्हणाला. आता सिनेमा असा संपतो, की ती पाना घेऊन माझ्यामागे जाते आणि हे दोघं सोफ्यावर बसून राहतात. दोघंही खूश, कारण दुसऱ्याला मिळाली नाही! दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हे बाबांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण जगून दाखवलं मी. (दिग्दर्शकाने विचारलं, “इतका अस्सल सूर कुठून आणलास? लग्न झालंय का तुझं?” मी मान हलवली. आडवी की उभी, ते गडबडीत लक्षात राहिलं नाही.)

तेव्हा वहिनी, मी पडद्यावर बोललो! इकडे मी हवेत चालतोय. बाबांना ही बातमी तुमच्या तोंडून, जेवणानंतर, त्यांचा मूड बघून कळावी.

आपला दीर
(यापुढे बोलपटातला नट)

ता. क. अडचण एकच. ‘काय गं’मध्ये क्रियापद नाही, आणि बाबा नेमकं तिथेच बोट ठेवणार. पण क्रियापद अध्याहृत असलं, म्हणजे न बोलता समजून घ्यायचं असलं, तर वाक्य होतं ना? बाबांच्या कपाटातलं व्याकरण गुपचूप काढून तेवढं बघा. रविवारच्या आत. माझा संसार त्या एका पानावर अडलाय.

ता. क. (हा माझ्या हातचा) ताई, ह्यांचं पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. होय, ‘ह्यांचं’ असंच लिहिलंय. शूटिंगच्या आदल्याच सोमवारी आम्ही नोंदणी कार्यालयात लग्न केलं. हे तुला सांगायला बसले होते, पण धीर झाला नाही आणि नुसता सिनेमा सांगत बसले. (त्यात ह्यांची फक्त पाठ दिसते.) बाबांच्या अटीसाठी मी आणखी किती थांबायचं, सांग? साक्षीला दातांचे डॉक्टरच उभे होते. त्यांचं त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी कधीचं जमलंय, फक्त आईवडिलांपुढे त्यांचंही तोंड उघडत नाही. आणि वाक्याचं म्हणशील, तर तिथल्या साहेबांसमोर हे खणखणीत म्हणाले, “मी हिला माझी पत्नी म्हणून स्वीकारतो.” कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. तेवढं बाबांना म्हणून दाखव, आणि रविवारी दोन पानं जास्त मांड. आम्ही जेवायला येतोय.