पाचवं नाव

३ नोव्हेंबर १९५८
आलो बाबा एकदाचा! निगदे शहरापासून इथल्या दरीपर्यंत ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून आलो. हाडं खिळखिळी झाली, पण मन अगदी मजेत आहे. ही वही बायकोने, एल्मासने दिली. म्हणाली, तोंडी सांगताना तू मीठमसाला लावतोस, तेव्हा रोजच्या रोज लिहून आण. बाळ यायला तीनेक आठवडे आहेत. त्याआधी घरी पोचायचं आणि बाळाच्या कानात तीनदा नाव सांगायचं, एवढं वचन देऊन निघालोय. मुलगा झाला तर यूनुस. आईचा हट्ट वेगळ्या नावाचा आहे, पण आमचं ठरलंय.

टोळीत आम्ही चौघं. दुर्मुश उस्ताद म्हातारे, पण शिडीवर माकडासारखे चढतात. नझमी बडबड्या, वही बघितल्यापासून मला कादरीऐवजी मुनशी म्हणतो. बेकिरदादा दिवसभरात चार शब्द बोलले तर नशीब. काम साधं आहे. रूमी लोक, म्हणजे इथले ग्रीक ख्रिस्ती, देश सोडून गेले, त्यांची कड्यात कोरलेली चर्चं मागे राहिली. गावाने त्यांची दारं बंद करून, वर नुसती भोकं ठेवून ती कबुतरांना दिली. वर्षातून एकदा दार काढायचं, कबुतरांच्या विष्ठेचं खत खरवडायचं, द्राक्षमळ्यांसाठी गाढवांवर लादायचं आणि दार पुन्हा बंद करायचं. मग पुढची दरी. रात्री बुलगुर, म्हणजे शिजवलेला गव्हाचा भरडा, आणि द्राक्षाची काकवी खाल्ली, ताटली पुसून खाल्ली.

५ नोव्हेंबर
पहिलं चर्च झालं. आत धुळीने डोळे फुटायची वेळ येते. भिंतींवर निळ्या झग्यातले संत आहेत, डोळे कुणीतरी कधीच खरवडून टाकलेत. खोलीत खोली, तिच्यात आणखी खोली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. म्हणून बंद करताना उस्ताद आत डोकावत नाहीत, दाराशी उभं राहून नावं पुकारतात. ज्याचं नाव त्याने बाहेरून ओरडायचं: “बाहेर!” मग दगडी फळी, तिच्यावर ओकचा अडसर, वर चुना.

उस्तादांनी आधी स्वतःचंच नाव घेऊन उत्तर दिलं, मग नझमी झाला, बेकिरदादा झाले, मी झालो. मग उस्तादांनी पाचवं नाव घेतलं, इद्रिस. सगळे खाली मान घालून गप्प उभे. मला वाटलं, कुणीतरी उशिरा येणारा असेल. मला कुठली शांतता सहन होतेय! नाक दाबून, बायकी आवाज काढून मीच ओरडलो, “बाहेर!”

उस्तादांनी खाडकन कानाखाली वाजवली. नझमी थट्टा करेल म्हणून बघितलं, तर त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं. बेकिरदादा खाली बसून रडत होते. एवढा दाढीवाला माणूस, आणि पोरासारखा रडत होता.

६ नोव्हेंबर
दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही. शेवटी उस्तादांनी चहा दिला आणि सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी टोळीत इद्रिस नावाचा पोरगा होता, नुकतं लग्न झालेला. बर्फ येणार म्हणून घाई चालली होती. नावं पुकारली तेव्हा इद्रिस आत विसरलेली तंबाखूची डबी आणायला परत शिरला होता, आणि बेकिरदादांनी गंमत म्हणून त्याच्या नावाला उत्तर दिलं. दार बंद झालं. त्याच्या गावाची वाट वेगळी, म्हणून सगळ्यांना वाटलं, तो पुढे निघून गेला. पुढच्या वर्षी दार काढलं तेव्हा तो दाराला पाठ टेकून बसलेला होता.

तेव्हापासून शेवटी त्याचं नाव घ्यायचं आणि गप्प राहायचं. त्याच्या वतीने कुणीही “बाहेर” म्हणायचं नाही. आणि आतून उत्तर आलंच, तर अडसर घालायचा, चुना थापायचा आणि मागे न बघता निघायचं.

मी उस्तादांची माफी मागितली. ते म्हणाले, माफी माझ्याकडे काय मागतोस, तू त्याला बाहेर काढलंस.

९ नोव्हेंबर
दुसरी दरी. कबुतरं सकाळपासून आत जायला तयार नाहीत, कड्यावर घिरट्या घालतायत.

नावं पुकारली. माझं नाव आलं, मी तोंड उघडणार तोच माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “बाहेर!” माझ्या पाठीमागून. वळलो तर गाढवं आणि पोती. नझमी म्हणतो, तूच ओरडलास की, मी ऐकलं. बेकिरदादा मात्र माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझं तोंड मिटलेलं होतं.

११ नोव्हेंबर
नझमीने दुपारी विचारलं, मग यूनुस की आई म्हणते ते नाव, काय ठरलं शेवटी? मी त्याला हे कधीच सांगितलेलं नाही. तो म्हणतो, काल झऱ्यावर तूच सांगितलंस, एल्मासच्या हनुवटीवरच्या तिळाबद्दलसुद्धा बोललास. नझम्या, आईशप्पथ, काल मी झऱ्यावर गेलोच नव्हतो! दिवसभर चुना कालवत होतो.

नझमी एल्मासबद्दल सगळं विचारून घेतोय — नाही, मीच सांगतोय म्हणे.

उस्तादांनी ठरवलंय की मी यापुढे आत जायचं नाही. माझ्या वाटणीचं काम बेकिरदादा करणार. ते म्हणाले, हे पाप माझं आहे, तुझं नाही.

१३ नोव्हेंबर
बेकिरदादा शिडीवरून पडले. पाय सुजून भोपळा झालाय. विचारलं तर म्हणतात, वरून कुणीतरी शिडी हलवली. आणि मग म्हणाले की वर तूच होतास.

मी खाली होतो. खाली होतो मी.

१४ नोव्हेंबर, सकाळ
टपालगाडीवाल्याने निरोप आणला. एल्मासला कळा सुरू झाल्यात, वेळेआधीच. गाडी संध्याकाळी परत जाणार. शेवटचं एकच चर्च उरलंय आणि आभाळ बर्फाने भरलंय. नझमी एकटा दिवसभर राबला तरी पुरा पडणार नाही. मीच म्हणालो, मी आत जातो, पटापट उरकू. उस्ताद नको नको म्हणत होते. मी त्यांचे पाय धरले. कोट गाढवावर टाकलाय, वही कमरेला आहे. तास-दोन तासांचं काम. घरी जायचंय मला.

१४, दुपार
आत आहे.

मागच्या खोलीत होतो, शेवटचं पोतं भरत. नझमी आधीचं पोतं घेऊन बाहेर गेला, म्हणाला, ये लगेच. मी निघालोच होतो. उस्तादांनी पुकारलं. दुर्मुश — बाहेर. नझमी — बाहेर. बेकिर — बाहेर. कादरी —

“बाहेर!”

मी नव्हतो तो. मी पळालो, पोत्याला अडखळून पडलो, घसा फाटेस्तोवर ओरडलो. फळी लागली.

कबुतरांच्या भोकांतून उजेड येतोय, त्यात लिहितोय. ओट्यावर चढून एका भोकाला डोळा लावला. माझा तपकिरी कोट घातलेला कुणीतरी उभा आहे. पाठमोरा. बेकिरदादा त्याच्या खांद्याला धरून उभे आहेत.

उस्तादांनी पाचवं नाव घेतलं. इद्रिस. सगळे गप्प.

मी ओरडलो. आत! मी आत आहे! मी कादरी!

त्यांनी ऐकलं. मला माहीत आहे त्यांनी ऐकलं, नझमी दचकला, बेकिरदादा फळीकडे धावले, लंगडत, उघडा म्हणाले, पोरगा आहे आत, उघडा. उस्तादांनी त्यांना मागे ओढलं. म्हणाले, कादरी हा इथे उभा आहे. मग अडसर पडला. चुना. हात किती भराभर चालतायत त्यांचे —

बर्फ पडायला लागलं. पोती लादली. कुणी मागे बघत नाही.

तोच एकटा वळला. चेहरा माझा. माझ्यासारखा हसला.

नझमी त्याची थट्टा करतोय, मुनशी, घरी जाऊन बाळाच्या कानात काय नाव सांगणार, ठरलं का? तो म्हणतोय ठरलं. यूनुस नाही म्हणतोय, आई म्हणते तेही नाही. एल्मासची समजूत काढीन म्हणतोय. नाव —